आर्चबिशप 75 वर्षांचे झाले म्हणजे आपोआप निवृत्त होतात का?

फोंडेकर_वाचक:

गोव्याचे आर्चबिशप कार्डिनल फिलिप नेरी फेर्रांव यांचा जन्म 20 जानेवारी 1953 चा. म्हणजे 20 जानेवारी 2028 ला त्यांना 75 वर्षं पूर्ण होतील. "2028 मध्ये आर्चबिशप निवृत्त होणार" असं आताच लोक ठामपणे बोलायला लागलेत. दुसरीकडे मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस 80 ओलांडेपर्यंत पदावर होते. मग 75 चा नियम खरा की 80 चा? पोपना वय लागू नाही का? आमदार-खासदारांसारखी पाच वर्षांची मुदत बिशपांना का नाही, आणि गावच्या चर्चच्या विगाराला (मुख्य पाद्रीला) तरी ती आहे का? आम्हा हिंदू वाचकांना हे सगळं बाहेरूनच दिसतं, तेव्हा कुणीतरी कलमांसकट समजावून सांगा. मतं नंतर भांडू.

कॅनन_मडगाव:

बाब, दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. 75 हा बिशपाच्या पदाचा आकडा, 80 हा पोपच्या निवडणुकीतल्या कार्डिनलच्या मताचा. लोक या दोघांची खिचडी करतात.

आधी 75. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेत कॅनन (म्हणजे कलम) 401, परिच्छेद 1 आहे. धर्मप्रांताच्या बिशपाने वयाची 75 वर्षं पूर्ण केली की त्याने पोपकडे राजीनामा सादर करावा, अशी त्याला विनंती केली आहे. पोप सगळी परिस्थिती बघून निर्णय घेतील. बस्, एवढंच. यात "निवृत्त होईल" हे क्रियापदच नाही. सरकारी नोकरीत साठी भरली की त्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला कर्मचारी आपोआप बाहेर पडतो, कुणी मंजुरी द्यावी लागत नाही. इथे उलट आहे. वाढदिवसाला फक्त कागद निघतो, पद सुटत नाही. राजीनामा सक्षम अधिकाऱ्याने स्वीकारला की मगच तो लागू होतो, हे 5 नोव्हेंबर 2014 च्या व्हॅटिकन आदेशात पुन्हा स्पष्ट केलं आहे.

एक बारीक गोम. सर्वसाधारण नियम, कॅनन 189, म्हणतो की ज्या राजीनाम्याला स्वीकृती लागते तो तीन महिन्यांत स्वीकारला नाही तर निष्प्रभ होतो. मग बिशपांचे राजीनामे वर्षानुवर्षं पडून कसे राहतात? पोप फ्रान्सिस यांनी 12 फेब्रुवारी 2018 ला काढलेल्या आदेशात याचं उत्तर आहे: वयामुळे दिलेल्या राजीनाम्यावर तीन महिन्यांत काही कळवलं नाही म्हणून तो बाद होत नाही, बिशप पुढचं कळेपर्यंत पदावर राहतो. थोडक्यात, राजीनामा रोमच्या टेबलावर जिवंत असतो आणि बिशप कामावर असतो.

मुंबईचं उदाहरण म्हणूनच बोलकं आहे. ग्रेशियस यांचा जन्म 24 डिसेंबर 1944 चा. 2019 च्या डिसेंबरमध्ये 75 झाले, राजीनामा स्वीकारला गेला 25 जानेवारी 2025 ला. पाच वर्षांहून थोडा जास्त काळ. गोव्यात इतकं लांबलं नव्हतं: राऊल गोन्साल्विस यांना 2002 च्या जूनमध्ये 75 झाली, त्यांचा राजीनामा मंजूर होऊन फेर्रांव यांची नियुक्ती जाहीर झाली 12 डिसेंबर 2003 ला. म्हणजे दीड वर्ष. यावरून 2028 चा अंदाज बांधू नका. मोठ्या धर्मप्रांताचा बिशप कार्डिनल असला की त्याला जास्त काळ ठेवण्याची प्रथा आहे, हक्क नाही.

फेर्रांव 1 जानेवारी 2025 पासून आशियाई बिशप परिषदांच्या महासंघाचे अध्यक्षही आहेत. ते निवडणुकीने येणारं पद आहे, त्याची मुदत वेगळी. आर्चबिशपपदाशी त्याची सांगड घालून तारखा काढू नयेत.

बातमी_पाठ:

वरच्या उत्तराला पुरवणी, खास करून ज्यांना हे छापायचं आहे त्यांच्यासाठी.

व्हॅटिकनचं प्रसिद्धीपत्रक रोमच्या वेळेने दुपारी बाराला निघतं. हिवाळ्यात आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेचार वाजलेले असतात, उन्हाळ्यात साडेतीन. त्यात तीन प्रकारच्या ओळी असतात आणि प्रत्येकीची बातमी निराळी होते.

एक: "पोपनी अमुक यांचा राजीनामा स्वीकारला आणि तमुक यांची नियुक्ती केली." सर्वात सामान्य प्रकार. जुने आर्चबिशप त्या क्षणी एमेरिटस (निवृत्त), पण नवीन माणूस अजून आलेला नसतो. तो आधीच बिशप असेल तर नियुक्तिपत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांत, साधा पाद्री असेल तर चार महिन्यांत त्याने धर्मप्रांताचा ताबा घ्यायचा असतो. मधल्या काळात रोम बहुधा जुन्यांनाच "अपोस्टोलिक प्रशासक" (पोपनी नेमलेला तात्पुरता कारभारी) म्हणून नेमतं. तेव्हा "नवे आर्चबिशप रुजू" असा मथळा त्या दिवशी देऊ नये. रुजू होण्याचा दिवस वेगळा, तो जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलमध्ये दिसेल.

दोन: नुसता राजीनामा स्वीकारला, नियुक्ती नाही. म्हणजे आसन (बिशपाचं पद) रिकामं झालं. याबद्दल खाली कुणी लिहील अशी आशा आहे, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे.

तीन: "कोअ‍ॅड्जुटर" नेमला. हा साधा सहाय्यक बिशप नव्हे. त्याला उत्तराधिकार आहे, आसन रिकामं झालं की त्याच क्षणी तो धर्मप्रांताचा बिशप होतो (कॅनन 409). मुंबईत असंच झालं. जॉन रॉड्रिग्स 30 नोव्हेंबर 2024 ला कोअ‍ॅड्जुटर झाले आणि 25 जानेवारी 2025 ला कसलीही पोकळी न पडता आर्चबिशप. सहाय्यक बिशपाला तसा काहीच हक्क नाही. "सहाय्यक आहेत म्हणजे पुढचे तेच" असं गृहीत धरून छापलेल्या बातम्या हमखास तोंडघशी पाडतात.

आणखी एक. पूर्वी पत्रकात "कॅनन 401, परिच्छेद 1 नुसार" किंवा "परिच्छेद 2 नुसार" असं असायचं. परिच्छेद 2 म्हणजे आजारपण किंवा इतर गंभीर कारण. अलीकडे कलम बहुधा लिहीतच नाहीत. त्यामुळे कोणी 75 च्या आधी गेला तर कारण पत्रकातून कळत नाही. वय मोजा: 75 पूर्ण असतील तर पहिला परिच्छेद, नसतील तर दुसरा. त्यापुढे "प्रकृती" की "इतर काही" हे अनुमानाने लिहू नका.

राहता राहिलं 80. कार्डिनल ही पदवी मरेपर्यंत राहते, पण 80 नंतर पोपच्या निवडणुकीत मत नाही. हा नियम पोप पॉल सहावे यांनी 21 नोव्हेंबर 1970 ला काढला आणि 1 जानेवारी 1971 पासून तो लागू झाला. मोजणी कशी? कॉन्क्लेव्ह (पोप निवडणारी कार्डिनलांची सभा) सुरू होण्याचा दिवस नव्हे, पोपचं आसन रिकामं होण्याचा दिवस धरायचा. त्या दिवसाच्या आधी 80 पूर्ण झाले तर बाहेर. बेनेडिक्ट सोळावे यांचा राजीनामा 28 फेब्रुवारी 2013 ला लागू झाला. कार्डिनल वाल्टर कास्पर 5 मार्चला 80 चे झाले आणि कॉन्क्लेव्ह 12 मार्चला सुरू झालं, तरी त्यांनी मत दिलं. युक्रेनचे कार्डिनल हुसार 26 फेब्रुवारीला 80 चे झाले होते, ते हुकले. आपल्याकडचं उदाहरण तर आणखी चटका लावणारं: केरळातल्या सीरो-मलबार चर्चचे कार्डिनल जॉर्ज आलेंचेरी 19 एप्रिल 2025 ला 80 झाले आणि पोप फ्रान्सिस 21 एप्रिलला वारले. दोन दिवस! ग्रेशियस तर आधीच्या डिसेंबरमध्येच 80 झाले होते. म्हणून मे 2025 च्या निवडणुकीत भारतातले चारच मतदार होते: फेर्रांव, बासेलिओस क्लीमिस, अँथनी पूला आणि जॉर्ज कूवकाड. फेर्रांव यांचा हा हक्क जानेवारी 2033 पर्यंत आहे, मग ते तोवर गोव्याचे आर्चबिशप असोत वा नसोत.

दोडामार्ग_पलीकडून:

रिकाम्या आसनाबद्दल मी लिहितो. लोक या भागाकडे दुर्लक्ष करतात, पण सामान्य माणसाला त्याचा सर्वात जास्त फटका बसतो.

समजा राजीनामा मंजूर झाला, नवा नेमलेला नाही, कोअ‍ॅड्जुटर नाही आणि रोमने प्रशासकही नेमला नाही. बातमी कळल्यापासून आठ दिवसांत "कॉलेज ऑफ कन्सल्टर्स", म्हणजे पाच वर्षांसाठी नेमलेल्या 6 ते 12 पाद्रींचं सल्लागार मंडळ, धर्मप्रांत प्रशासक निवडतं (कॅनन 421 आणि 502). तो पाद्री किंवा बिशप असावा, वय किमान 35 पूर्ण असावं. तोवर सहाय्यक बिशप असेल तर कारभार तो बघतो. आणि आठ दिवसांत निवड झाली नाही तर? एरवी त्या प्रांताचा आर्चबिशप ती निवड करतो, पण इथे आर्चबिशपचंच आसन रिकामं. मग हक्क जातो त्याच प्रांतातल्या अधीनस्थ बिशपांपैकी ज्येष्ठाकडे. गोवा-दमण 25 नोव्हेंबर 2006 पासून महाधर्मप्रांत म्हणून प्रांताचं केंद्र आहे आणि त्याखाली एकच धर्मप्रांत येतो: सिंधुदुर्ग, जो 2005 मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. म्हणजे कागदावर गोव्याचा प्रशासक नेमण्याची पाळी सिंधुदुर्गच्या बिशपावर येऊ शकते! आमच्याकडच्या लोकांना ही गंमत माहीत नसते.

आता काय बिघडतं ते. आसन रिकामं झालं की विकार जनरल (कारभारातला बिशपाचा मुख्य प्रतिनिधी) आणि बिशपाचे इतर विकार यांची पदं संपतात. पाद्रींची सल्लागार परिषदही विसर्जित होते, तिचं काम कन्सल्टर्सचं मंडळ करतं. न्यायिक विकार (चर्चच्या न्यायालयाचा प्रमुख) मात्र चालू राहतो, त्यामुळे विवाह रद्दबातल ठरवण्याचे खटले थांबत नाहीत. प्रशासकाला मूलभूत काही बदलता येत नाही, कॅनन 428 तसं बजावतो. सगळ्यात मोठी अडचण बदल्यांची: आसन एक वर्षभर रिकामं राहिल्याशिवाय प्रशासक कुठल्याही पॅरिशला (गावच्या चर्चच्या हद्दीला) पूर्ण अधिकाराचा विगार नेमू शकत नाही (कॅनन 525). मग जिथे जागा रिकामी होते तिथे तो "पॅरिश प्रशासक" बसवतो. तो मिस्सा, लग्न, बाप्तिस्मा सगळं करतो, पण पॅरिशच्या मालमत्तेला हानी होईल किंवा विगाराच्या हक्कांना बाधेल असं काही करू शकत नाही. फाब्रिकेच्या (चर्चची मालमत्ता सांभाळणाऱ्या मंडळाच्या) जमिनीचा एखादा व्यवहार अर्ध्यावर असेल तर तो नवा आर्चबिशप येईपर्यंत लोंबकळतो. शाळेची इमारत, मुंडकाराचा (चर्चच्या जमिनीवर घर असलेल्या कुळाचा) वाद, चर्चच्या भिंतीची दुरुस्ती, जे मोठं आहे ते थांबतं.

म्हणून रोमही 75 पूर्ण झालेल्या बिशपाला उगाच लगेच सोडत नाही. पर्याय तयार नसताना आसन रिकामं करण्यापेक्षा जुना माणूस काही महिने ठेवणं स्वस्त पडतं.

फोंडेकर_वाचक:

भरपूर झालं, आभार. पण माझा एक प्रश्न अजून उरलाय: मुदत का नाही? 1978 पासून आजवर गोव्याने दोनच आर्चबिशप पाहिले, राऊल गोन्साल्विस आणि फेर्रांव. लोकशाहीत इतका काळ एकाच खुर्चीवर बसलेला कोणी दाखवा. आणि विगारांचं काय ते राहूनच गेलं.

आल्तिनो_उतार:

विगारांचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे असं वाटतं आणि नाही.

कॅनन 522 नुसार विगाराला स्थैर्य हवं, म्हणून त्याची नेमणूक मुळात बेमुदत असते. देशाच्या बिशप परिषदेने तशी मुभा दिली असेल तरच ठरावीक वर्षांची. 75 पूर्ण झाल्यावर त्याने आर्चबिशपांकडे राजीनामा द्यावा अशी विनंती कॅनन 538 करतो, तीही आपोआप लागू होत नाही. पोपच्या जागी इथे आर्चबिशप, बाकी रचना तीच.

बदलीला विगार नकार देतो तेव्हा काय होतं हे लोकांना माहीत नसल्यामुळे गावात वाद वाढतात. पद्धत अशी: आर्चबिशप आधी लेखी प्रस्ताव देऊन समजूत घालतात. विगाराने नकाराची कारणं लेखी द्यायची असतात. ती पटली नाहीत तर आर्चबिशप ठरावीक यादीतल्या दोन विगारांबरोबर बसून बाजू तपासतात, मग पुन्हा समजूत, आणि तरीही नाही तर हुकूम (कॅनन 1748 ते 1751). चर्चसमोर सह्यांची मोहीम काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की लोकांच्या सह्यांना या क्रमात स्वतंत्र पायरी नाही. त्या विगाराच्या लेखी कारणांना जोडल्या तर निदान कागदावर येतात.

आणि मुदतीच्या पदांबाबतही एक सापळा: मुदत संपली किंवा वय भरलं म्हणून पद सुटत नाही, सक्षम अधिकाऱ्याने लेखी कळवल्यावरच सुटतं (कॅनन 186). "त्याची सहा वर्षं झाली, तो आता विगार नाहीच" असं म्हणत हिशेबाच्या वह्या अडवून धरणारे फाब्रिकेचे सभासद कायद्याने चुकतात.

आता मुदतीचं "का". बिशप आणि धर्मप्रांत यांचं नातं लग्नासारखं धरायचं ही कल्पना फार जुनी. 325 सालच्या निकेया परिषदेने तर बिशपाला एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्यावरच बंदी घातली होती. ती बंदी नंतर पाळली गेली नाही ते सोडा. निवृत्तीचं वय म्हणाल तर ते अगदी नवं आहे: 1917 च्या संहितेत नव्हतं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये वयस्कर बिशपांना बाजूला होण्याचं आवाहन केलं पण आकडा दिला नाही, आणि 75 हा आकडा पॉल सहावे यांनी 6 ऑगस्ट 1966 च्या आदेशात आणला. म्हणजे सुमारे 1900 वर्षं बिशप मरेपर्यंत बिशप होता.

चर्चमध्ये मुदती मुळीच नाहीत असं मात्र म्हणू नका. रोममधल्या व्हॅटिकनच्या खात्यांचे प्रमुख आणि सचिव पोपनी 2022 मध्ये काढलेल्या नव्या घटनेनुसार पाच वर्षांसाठी नेमले जातात. धर्मसंघांचे वरिष्ठ ठरावीक मुदतीचे असतात. जेझुइट धर्मसंघाचा जनरल (प्रमुख) आजन्म निवडला जातो, तरी कोल्व्हेनबाख 2008 मध्ये आणि निकोलास 2016 मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. सामान्य कॅथलिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांच्या प्रमुखांना जून 2021 च्या आदेशाने पाच वर्षांची मुदत आणि सलग जास्तीत जास्त दहा वर्षं अशी मर्यादा घातली, आणि ती का घातली हेही आदेशात सरळ लिहिलं आहे: सत्ता एका हातात साठू नये म्हणून. तोच तर्क धर्मप्रांताला लावला तर काय बिघडेल, हा प्रश्न मला रास्त वाटतो. कॅनन_मडगाव यांना वाटत नसावा.

कॅनन_मडगाव:

वाटत नाही, खरंच. ताई, मुदत आली की पुन्हा नेमणूक आली, आणि पुन्हा नेमणूक आली की चौथ्या वर्षापासून लोकांना खूश ठेवणं आलं. खाणींवर, कोळशावर, जमिनींच्या रूपांतरावर बोलणारं चर्च आपल्याला हवं असेल तर त्याच्या प्रमुखाला पुढच्या नेमणुकीची काळजी नसलेली बरी. बिशप नालायक निघाला तर उपाय मुदत नाही, 2014 च्या आदेशातलं कलम 5 आहे: कारणं सांगून, त्याची बाजू ऐकून त्याला राजीनामा द्यायला सांगता येतो.

तुमचा पोपबद्दलचा प्रश्न राहिला होता. त्यांना वयाची मर्यादा नाही, मुदतही नाही. राजीनामा देता येतो, तो मोकळ्या मनाने दिलेला आणि रीतसर जाहीर केलेला असावा, कुणी स्वीकारण्याची गरज नाही (कॅनन 332). बेनेडिक्ट 85 व्या वर्षी असेच गेले.

आल्तिनो_उतार:

कलम 5 रोमच्या हातात आहे, गोव्यातल्या कुठल्याही मंडळाच्या नाही. माझा आक्षेप तिथेच आहे. आणि 75 ची "विनंती" कधी मान्य होणार हे लोकांना तर सोडाच, बिशपांनाही माहीत नसतं, त्यामुळे शेवटची तीन-चार वर्षं धर्मप्रांत कुठलाच लांब पल्ल्याचा निर्णय घेत नाही. चर्च ऑफ इंग्लंडने 1975 च्या कायद्याने बिशपांसाठी 70 हे वय ठरवलं, थोड्या मुदतवाढीची सोय ठेवली, आणि तिथे प्रत्येक धर्मप्रांताला आपला बिशप जास्तीत जास्त कधीपर्यंत आहे हे ठाऊक असतं. तितकं जरी केलं तरी चालेल.

बातमी_पाठ:

या वादात मी पडत नाही. निवृत्तीनंतरचं मात्र कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो, कारण हेही विचारलं जातं. एमेरिटस आर्चबिशप हवं तर धर्मप्रांतातच राहू शकतात. त्यांच्या निर्वाहाची पहिली जबाबदारी त्या धर्मप्रांताची, आणि ती पार पडते की नाही हे बघणं बिशप परिषदेचं काम (कॅनन 402). "ईस्ट इंडीजचे पॅट्रिआर्क" ही गोव्याच्या आर्चबिशपाला 1886 पासून असलेली मानाची उपाधी आसनाबरोबर नव्या माणसाकडे जाते, कार्डिनलपद मात्र जुन्यांकडेच राहतं. म्हणजे 2028 नंतर कधीतरी गोव्यात एकाच वेळी एक कार्डिनल आणि एक पॅट्रिआर्क, दोन वेगळी माणसं, असं चित्र दिसू शकतं. मथळे लिहिताना नावं तपासा.

फोंडेकर_वाचक:

नोंद केली. 20 जानेवारी 2028 ला "निवृत्त" असा मथळा दिसला तर या धाग्याचा दुवा पाठवीन.